सोयरिकीआधी सिकलसेल तपासणी : ज्यू समाजाकडून काय घ्यावे?

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यातील बायोडेटावर शिक्षण, नोकरी, उंची, रक्तगटसुद्धा असतो. सिकलसेलविषयी मात्र कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही. विदर्भातील आदिवासींप्रमाणेच पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही या आजाराचे प्रमाण मोठे आहे. आई-वडील दोघेही वाहक (एएस) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण (एसएस) जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. मग तपासणी कोण करणार? आणि केलीच, तर "मुलीत दोष आहे" अशी कुजबुज सुरू होते.

अमेरिकेतील ज्यू समाज याच पेचातून गेला आहे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये टे-सॅक्स नावाचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यांच्यात साधारण तीसात एक जण वाहक असतो. बाळ सुरुवातीचे काही महिने नीट वाढते. मग बसणे विसरते, दृष्टी जाते आणि बहुधा चार-पाच वर्षांत दगावते. उपचार नाही. वाहक ओळखणारी रक्तचाचणी निघाल्यावर डॉ. मायकेल काबाक यांनी १९७१ साली मेरीलँडमधील एका सिनेगॉगमध्ये सामूहिक तपासणी सुरू केली. रुग्णालयात नव्हे, प्रार्थनास्थळात, हे विशेष. पुढे अमेरिका-कॅनडातील ज्यू कुटुंबांत अशी मुले जन्मण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले.

पण कर्मठ ज्यू कुटुंबांत गर्भपात सहसा मान्य नसतो आणि लग्ने मध्यस्थामार्फत ठरतात. एक मुलगा वाहक निघाला तर भावंडांचीही स्थळे मोडतील, ही धास्ती होती. चार मुले टे-सॅक्सने गमावलेले ब्रुकलिनचे रब्बी योसेफ एकस्टाइन यांनी १९८३ मध्ये 'दोर येशोरिम' ही संस्था काढली. तिथे तरुण-तरुणींचे रक्त तपासतात, पण नावाऐवजी फक्त क्रमांक देतात. स्थळ आले की दोघांचे क्रमांक फोनवर कळवायचे. जोडी जुळते की नाही, एवढेच उत्तर मिळते. बोलणी पुढे जाण्याआधीच हे उरकते, त्यामुळे कोणाची बदनामी होत नाही.

ही गुप्तता आपण जरूर घ्यावी. मात्र एक गोष्ट मला पटत नाही : तिथे व्यक्तीला आपण वाहक आहोत का, हे सहसा सांगतच नाहीत. लाज टाळण्यासाठी ज्ञानच झाकायचे, हे 'एहिपस्सिको', या आणि स्वतः पाहा, म्हणणाऱ्या धम्माच्या अनुयायांना शोभत नाही. आपला अहवाल आपल्या हाती हवा. तो सासरच्यांना किंवा मेळाव्याच्या संयोजकांना दाखवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन वाहकांनी लग्न करूच नये, असा फतवाही कोणी काढू नये. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी होऊ शकते, हे जोडप्याला माहीत असले म्हणजे निर्णय त्यांचा. आणि मूल एसएस निघाले की दोष फक्त सुनेला लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की त्यात अर्धा वाटा त्यांच्या लेकाचा असतो.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मिशनचा भर आदिवासी भागांवर आहे. शहरी वस्त्यांतील बौद्धांनी त्याची वाट पाहत बसू नये. बोटातून रक्ताचे काही थेंब घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करावी लागते, कारण पहिल्या चाचणीत एएस की एसएस हे कळत नाही. विहार समित्यांनी आरोग्य केंद्राशी बोलून वर्षावासात एक रविवार यासाठी ठेवावा. अठरा-वीस वर्षांची मुले-मुली, लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी. अहवाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हाती, आणि शेजारच्या खोलीत समजावून सांगणारा एक प्रशिक्षित समुपदेशक. लाऊडस्पीकरवर नावे पुकारू नयेत.