वाडी आपली, बाजार दुसऱ्याचा

परवा शनिवारी आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराने गच्चीवर गाठलं. "दादा, राजीनामा देऊ का? चॅनल फुलटाइम करतो." मराठीतून मोबाईलचे रिव्ह्यू करतो, आणि एरवी विरार फास्टला लटकून अंधेरीची नोकरी. घरी फ्लॅटचा हप्ता. आता काय सांगणार, कप्पाळ?

उदाहरणं आहेत की. अमित अगरवालनी २००४ साली नोकरी सोडली, आग्र्याला गेले आणि ब्लॉगवर पोट भरून दाखवलं. पण ती वेबसाइट त्यांची स्वतःची होती.

यूट्यूबचं गणित वेगळं. १,००० सबस्क्रायबर, वर्षात ४,००० तास वॉचटाइम, मग कुठे जाहिरातीत वाटा. मोठ्या व्हिडिओच्या १०० रुपयांत ५५ आपले, ४५ त्यांचे. एखाद्या कंपनीने दिलेल्या वस्तू ठेवून घेतल्या आणि वर्षात २०,००० च्या वर गेल्या, तर २०२२ पासून त्यावरही १० टक्के टीडीएस.

आपले वसईचे वाडीवाले वर्षानुवर्षं पहाटेच्या लोकलने फुलं-भाजी दादरला नेत आले. भाव बाजारच ठरवायचा. पण वाडी स्वतःची, विहीर स्वतःची. मोगऱ्याला भाव नाही मिळाला तर पुढच्या खेपेला दुसरं काही लावता येतं. चॅनलवाल्याची वाडीसुद्धा दुसऱ्याची. अल्गोरिदम बदलला की पाणी बंद!

हे सगळं मी ऐकवलं. तो म्हणाला, "ते माहितीये दादा. गेल्या महिन्यात एका कंपनीने सांगितलं, फोन तापतो ते काढून टाका. काढलं मी. पैसे हवे होते."

मग कळलं, प्रश्न राजीनाम्याचा नाहीच. लोक त्याच्या शब्दावर पंधरा-वीस हजार खर्च करतात. तो शब्द हीच त्याची विहीर. हप्त्यापायी तीच विकली तर उरलं काय?

म्हणून माझं मत सरळ आहे. कंपनीला "नाही" म्हणूनही सहा महिने घर चालेल एवढे पैसे आधी साठव. स्वतःची साधी वेबसाइट काढ, वाचकांचे ईमेल जमव. मग खुशाल सोड नोकरी. दर महिन्याला पगार घेणाऱ्याने हे सांगणं सोपं आहे, कबूल. पण नोकरीत माझं मत कोणी विकत घेत नाही, त्याचं घेतात.

असो. काल रात्री त्याने तोच रिव्ह्यू पुन्हा टाकला. फोन तापतो, हे पहिल्याच मिनिटाला. कंपनीचा फोन अजून आलेला नाही :)