साधन बदला, नोंद जपा

पाणलोटाचे नकाशे, उताराचे विश्लेषण व मृदाधूपेचे अनुमान यांसाठी वापरली जाणारी ‘ग्रास जीआयएस’ ही मुक्तस्रोत प्रणाली २०१९ मध्ये ‘सबव्हर्जन’ सोडून ‘गिट’वर गेली. कोणता बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला, याच्या जुन्या नोंदीही सोबत नेल्या गेल्या. ‘सबव्हर्जन’मध्ये हा इतिहास मध्यवर्ती सर्व्हरवर असतो, ‘गिट’मध्ये तो प्रत्येकाच्या प्रतीत असतो. म्हणून इंटरनेट नसतानाही काम चालते.

आपल्या शिफारशींना असा इतिहास क्वचितच असतो. खतमात्रा बदलते, नवे घडीपत्रक निघते, जुनेही गावात फिरत राहते. चुकीच्या मात्रेचा भुर्दंड शेतकऱ्यावर पडतो. चंदीगडच्या सेक्टर ३४ मधील शिकवणी वर्गांत काय किंवा आपल्या तालुक्याच्या गावी काय, संगणक शिकलेले तरुण आज मिळतात. त्यांचे साहाय्य घ्यावे. प्रत्येक शिफारशीवर आवृत्ती क्रमांक, दिनांक व बदलाचे कारण छापावे, जुन्या आवृत्त्या खुल्या ठेवाव्यात. कालचा सल्ला आज का बदलला, हे जाणून घेण्याचा शेतकऱ्याला अधिकार आहे.