गाणे सापडले, वाजवणारा राहिला

आमच्या स्वयंपाकघरात फजरनंतरच्या चहाबरोबर रेडिओ लागतो, तो अम्मींच्या हुकमाने. गेल्या महिन्यात एके सकाळी बातम्यांना तीन-चार मिनिटे उरली होती. अशा उरलेल्या वेळात रेडिओवाले बिनशब्दांची धून लावतात. त्या दिवशीही लागली. पोळी लाटता लाटता अम्मींचा हात थांबला. "अरे, हे गाणं कोणतं?"

चाल आम्हा सर्वांच्या ओळखीची होती, पण नाव एकालाही आठवेना. तेवढ्यात बातम्या सुरू झाल्या. गाण्याचे नाव नाही, वाजवणाऱ्याचेही नाही.

असे का होते, यावर आम्ही नंतर विचार केला. आपण गाणे लक्षात ठेवतो ते शब्दांच्या आधाराने. शब्द काढून घेतले की चाल ओळखीच्या माणसासारखी समोर उभी राहते, पण नाव जिभेवर येत नाही. त्यात धून कधी सुरुवातीच्या संगीतापासून, तर कधी मधूनच कानावर पडते. मुखडा गेलेला असला की आपण अंतऱ्यातच चाचपडत राहतो.

घरातल्या मुलीने मोबाइल काढला. रेडिओजवळ धरून गाणे ओळखणारे अ‍ॅप तिच्याकडे होते, पण धून संपून गेली होती. शिवाय असे अ‍ॅप मुख्यतः ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवते. नेमके तेच मुद्रण त्याच्या साठ्यात नसेल, तर चाल कितीही प्रसिद्ध असो, ते गप्प बसते. गुणगुणून शोधायची सोय वेगळी. गूगलने ती 2020 मध्ये आणली. ती चालीचा चढउतार पाहते. मुलगी म्हणाली, "दादी, तुम्ही गुणगुणा." अम्मी आधी लाजल्या, मग पदर सावरून दोन ओळींची चाल गुणगुणल्या. उत्तर आले: 'दुलारी', 1949, संगीत नौशाद, गायक मोहंमद रफी. ती सुहानी रात!

अम्मी खूश झाल्या. पण आम्ही ऐकले ते रफीसाहेबांचे गाणे नव्हतेच. ते कुणीतरी वाद्यावर वाजवले होते. यंत्राने गाणे सांगितले, वाजवणारा सांगितला नाही.

मग अंदाज सुरू झाले. फिल्मी गाणी वाद्यांवर वाजवणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. व्हॅन शिपली यांची गिटार आणि व्हायोलिन, पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचे अ‍ॅकॉर्डियन, सुनील गांगुली यांची हवाईयन गिटार, कवी नझरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध यांचीही गिटार. पण आम्ही ऐकलेले वाद्य फुंकून वाजवायचे होते. कुणी सनई म्हणाले, कुणी सॅक्सोफोन. कान फसतात, हे आम्हाला ठाऊक होते. 1954 च्या 'नागिन'मधली बीन ऐकून डोलणाऱ्यांना कुठे माहीत असते की ती बीन नव्हती? कल्याणजींनी क्लॅव्हियोलिनवर आणि रवी यांनी हार्मोनियमवर तो आवाज काढला होता.

शेवटी अम्मी म्हणाल्या, "मामूंना विचारा ना."

मामू म्हणजे अम्मींचे धाकटे भाऊ. तीस वर्षे त्यांनी ब्रास बॅन्डमध्ये क्लॅरिनेट वाजवले. आम्ही फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खालचे सूर कसे होते? पोकळ लाकडातून आल्यासारखे?" हो, तसेच होते. "मग क्लॅरिनेट." सॅक्सोफोनवर वरची किल्ली दाबली की सा वरून वरचा सा लागतो, क्लॅरिनेटवर तो थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर उडी घेतो. म्हणून त्याचे खालचे आणि वरचे सूर दोन वेगळ्या वाद्यांचे वाटतात, असे त्यांनी समजावले.

"मामू, वाजवणारं कोण असेल?"

"मास्टर इब्राहिम असतील, नाहीतर त्यांच्या वाटेनं गेलेलं कुणी. त्यांच्या तबकड्या ऐकूनच मी शिकलो. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात सगळं गाणं बसवायचं, आणि शब्द नसताना शब्द ऐकू यायला हवेत." थोडे थांबून ते म्हणाले, "तबकडीवर वाजवणाऱ्याचं नाव छापलेलं तरी असायचं. वरातीत आमचं नाव कोण विचारतंय? फर्माईश गाण्याची असते."

फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ बोललो नाही. मामूंच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची बोलणी आमच्याच घरी झाली होती. मुलाकडच्यांनी विचारले, "वडील काय करतात?" आम्ही पटकन म्हणालो, "छोटंसं दुकान आहे." दुकान होते ते मामींचे, शिलाईचे. मामू शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

वाजवण्या-गाण्याबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत, आणि ज्याचे मत मनापासूनचे आहे त्याचा आदरच करावा. पण आमचे ते मत नव्हते. मत असते तर लग्नसराईत मामूंनी आणलेल्या पैशांतून आलेला ईदचा कपडा आम्ही घेतलाच नसता. आम्हाला फक्त लोकांची लाज वाटली होती.

पुढच्या जुम्म्याला मामूंना जेवायला बोलावले. पेटी आणा, असे अम्मींनी बजावले होते. समोरचे दात गेल्याने मामू आता वाजवू शकत नाहीत. रीडवर ओठ बसत नाहीत. त्यांनी पेटीतून वाद्याचे तुकडे काढून एकेक जोडले आणि मुलीच्या हातात देऊन कोणते बोट कुठे ठेवायचे ते दाखवले. जेवण झाल्यावर आम्ही त्या जुन्या बोलण्यांचा विषय काढला आणि माफी मागितली. मामू म्हणाले, "जाऊ दे, बेटा. मीही गप्पच बसलो होतो."

आता धाकटीसाठी स्थळे पाहणे चालू आहे. तिचा बायोडेटा आम्ही परवा पुन्हा लिहिला. वडिलांच्या पुढे लिहिले आहे: क्लॅरिनेटवादक, निवृत्त.

वाचकांनाही एक सांगणे आहे. रेडिओवर अशी धून लागली, तर दिवस, वेळ आणि वाद्य कागदावर टिपून ठेवा. गाणे पुढे सापडेल. आणि वाद्य ओळखणारे कुणी तुमच्या घरात किंवा नात्यात असेल, तर मोबाइलच्या आधी त्यांना फोन करा.