कॅशलेस कार्ड खिशात, पण करार कुणाच्या हातात? मिहान ते मोमिनपुरा

मिहानमध्ये गेलं की एकीकडे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसतात, दुसरीकडे एम्सचा भव्य परिसर. एम्सची ओपीडी इथे २०१९ मध्ये सुरू झाली, पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण डिसेंबर २०२२ मध्ये झालं. मोमिनपुरा, ताजबाग, जाफरनगर, हसनबाग इथली कितीतरी मुलं-मुली आज मिहानमध्ये कामाला जातात. कुणी कंपनीच्या पगारावर, तर हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, ड्रायव्हिंगवाले बहुतेक ठेकेदाराकडे. आजारपण आलं की या दोघांची वाट वेगळी होते आणि ती वाट ठरवतो एक कागद, जो त्यांनी कधी पाहिलेलाही नसतो: रुग्णालयाशी झालेला करार.

कंपनीतल्या मुलाकडे ग्रुप मेडिक्लेमचं कार्ड असतं, त्यावर अम्मी-अब्बूंचंही नाव असतं. पण ते कार्ड कुठे चालेल, हे विमा कंपनी, मधली टीपीए आणि रुग्णालय यांच्या करारावर अवलंबून. करार संपला किंवा दरावरून बिनसलं, की कालपर्यंत ‘नेटवर्क’मध्ये असलेलं रुग्णालय आज आधी पैसे भरायला सांगतं. हे नवीन नाही. २०१० मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्लीसारख्या शहरांतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांची कॅशलेस सोय बंद केली होती. २०२५ मध्येही उत्तर भारतात रुग्णालयांची संघटना आणि विमा कंपन्या यांच्यात दरांवरून तोच वाद पेटला. दोन्ही वेळा करारातल्या भांडणाचा पहिला फटका बसला तो पॉलिसीधारकांना.

सरकार काय करतं? इथेच खरी मेख आहे. राज्यघटनेत विमा हा केंद्राचा विषय आणि दवाखाने राज्याचा. त्यामुळे विमा नियामक प्राधिकरण, म्हणजे इर्डाई, विमा कंपनीचे आणि टीपीएचे कान धरू शकतं, पण रुग्णालयाचे नाही. राज्य सरकार रुग्णालयाची नोंदणी करतं, पण विम्याच्या करारात त्याला बोलता येत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे अजून १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदाच चालतो. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. दर लावायचे, पण ते किती असावेत, यावर बंधन नाही.

दरांना हात घालायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. कोरोनाकाळात, मे २०२० मध्ये, राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. नागपूरच्या रुग्णालयांची संघटना कोर्टात गेली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की कोरोना नसलेल्या रुग्णांचे दर असे ठरवायचा अधिकार सरकारला नाही. निकाल आपल्याच शहरातला, पण आपल्या मोहल्ल्यांत त्याची चर्चा ऐकल्याचं आठवत नाही.

सरकार स्वतः करार करणारा पक्ष असतं तिथे मात्र चित्र बदलतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली. जुलै २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली, पांढरं रेशनकार्डवालेसुद्धा आले, आणि संरक्षण दीड लाखावरून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांवर गेलं. इथे पॅकेजचे दर सरकार ठरवतं, आणि पॅकेजमधल्या उपचारासाठी अंगीकृत रुग्णालयाने रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, ही करारातलीच अट आहे. रुग्णालयांची तक्रार असते की पॅकेज परवडत नाही आणि पैसे उशिरा येतात. ती सरसकट खोटी म्हणता येणार नाही. दर फार खाली ठेवले तर चांगली रुग्णालयं योजनेत येत नाहीत, आणि आली तरी ‘योजनेची खाट रिकामी नाही’ हे वाक्य तयारच असतं.

आपल्या समाजासाठी ही योजना दुप्पट महत्त्वाची. आपल्यात छोटे दुकानदार, गॅरेजवाले, रिक्षाचालक, कारागीर जास्त, म्हणजे ग्रुप मेडिक्लेम देणारा मालकच नाही. ठेकेदाराकडच्या मुलाला महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी. त्यावर गेला की तेही नाही. शिवाय व्याज आणि गररच्या शंकेने अनेक घरं खासगी पॉलिसी घेत नाहीत. त्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्या बहसमध्ये इथे शिरत नाही. तकाफुलसाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही. पण जन आरोग्य योजनेत रुग्णाला हप्ता भरावा लागत नाही, हा फरक आपल्या आलिमांपुढे जरूर मांडा.

अडचण येते ती कागदांत. रेशनकार्डावर ‘शेख’, आधारवर ‘शैख’. लग्नानंतर सुनेचं नाव रेशनकार्डात चढवलेलंच नाही. ऐन ऑपरेशनच्या वेळी हे धावून निस्तरत नाही. मशिदी आणि जमातींच्या कार्यालयांत जकातीच्या अर्जांसोबत रेशनकार्ड दुरुस्तीचा एक टेबल लावला, तर कितीतरी बिलं चंद्यावर येणार नाहीत.

पॉलिसीवाल्यांनी इर्डाईचं २९ मे २०२४ चं परिपत्रक लक्षात ठेवावं. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा, डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत. उशीर झाला आणि रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर तो भार कंपनीवर. आणि उपचारादरम्यान मृत्यू झाला, तर दाव्याचं काम तातडीने करून मय्यत लगेच रुग्णालयातून ताब्यात मिळेल हे पाहणं कंपनीचं काम आहे. जनाजा बिलासाठी थांबलेल्या घराला या एका ओळीचं मोल कळेल.

कंपनी ऐकत नसेल तर आधी तिच्याच तक्रार कक्षात लेखी तक्रार, मग इर्डाईचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल, आणि शेवटी विमा लोकपाल, ज्याला फी लागत नाही. योजनेतल्या रुग्णालयाने पैसे मागितले तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, किंवा १५५३८८ वर फोन करा. पैसे भरावेच लागले, तर सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.