नवऱ्याचें रक्त कोण पाहणार?

दवाखान्याचा कागद वाचून घेण्यास लोक आम्हां मास्तरांकडे येतात. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा कागद असला कीं त्यावर नांव गर्भार बाईचें. नवऱ्याचें रक्त कोणीच पाहिलेलें नसतें. दोष मात्र तिलाच!

वाचकहो, या रोगाची पहिली जखम बहुधा दुखत नाहीं, आपोआप भरते. गडी म्हणतो, बरा झालों. पण रोग रक्तांत राहतो, बायकोस लागतो, प्रसंगीं पोटांतल्या मुलास मारतो. १९०६ पासून याची रक्तपरीक्षा आहे, १९४३ पासून पेनिसिलिनचा इलाज आहे. सरकारी इस्पितळांतील सुरक्षा क्लिनिकांत तपासणी फुकट होते. एकट्या बायकोनें औषध घेतल्यास रोग नवऱ्याकडून पुन्हा लागतो. लग्नाआधीं पत्रिका पाहतां, तसें रक्तही पहा; आणि बायकोबरोबर नवऱ्यानेंही हात पुढें करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.