टॅग बघूनच पिशवी घ्या : जर्मनीची वाट आणि भाषेचा दाखला

या पानावर आपण एरवी बियाणे, खते, पीकविमा असे बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण त्यात जमीन पणाला लागते म्हणून मांडतो.

मागच्या महिन्यात एका गावी बोंडअळीची बैठक आटोपल्यावर एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले. "साहेब, पोराला जर्मनीला धाडायचंय. एक एकर गहाण टाकतोय. कागद जरा बघा." मुलगा आयटीआयचा वायरमन. कागद होता तीन महिन्यांचा जर्मन भाषेचा क्लास पूर्ण केल्याचा. 'यावर व्हिसा होतो' असे एजंटाने सांगितलेले.

ही हवा उगीच उठलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतातील कुशल कामगारांसाठी वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसांची तयारी जाहीर केली. तिथे माणसे कमी पडतात हे खरे. पण दार उघडे आहे म्हणजे कोणालाही आत घेतात असे नव्हे. दारावर भाषेचा दाखला बघतात.

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. युरोप परिषदेने त्या २००१ साली प्रसिद्ध केल्या. ए-१ म्हणजे नाव-गाव सांगता येणे, साधी विचारपूस. बी-१ म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः निभावता येणे. बी-२ म्हणजे कामावरचे बोलणे नीट समजून उत्तर देता येणे.

आता कोणाला कोणती पायरी लागते ते पाहा. नर्सला पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ लागते. तिथे पगारी प्रशिक्षण घेऊन काम शिकायचे तर बहुधा बी-१. किमान दोन वर्षांचे मान्य प्रशिक्षण आणि तिथला नोकरीचा करार हातात असेल, तर ए-२ वर जाऊन शिक्षणाची मान्यता तिथे राहून मिळविण्याची एक वाट मार्च २०२४ पासून आहे. जून २०२४ पासूनच्या 'संधी कार्डा'ला ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी चालते. एजंट हेच कार्ड पुढे करतात. पण ते कार्ड नोकरी शोधण्यासाठी आहे, नोकरीची हमी नव्हे. त्यालाही शिक्षण लागते, गुण मोजतात आणि राहण्याखाण्याचे पैसे जवळ असल्याचा पुरावा मागतात.

आता हिशेब करू. बी-१ साठी ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास शिकावे लागते, असे जर्मनीची गटे संस्था सांगते. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तर सात महिने ते एक वर्ष लागते. तीन महिन्यांत जेमतेम दीडशे तास भरतात. ते ए-१ चे. ज्वारीचे पीक दीड महिन्यात काढून देतो म्हणणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवाल का?

दुसरी गोष्ट, दाखला कोणाचा? तुम्ही बियाण्याची पिशवी घेताना टॅग बघता. कंपनीने स्वतः लावलेले लेबल वेगळे आणि प्रमाणीकरण यंत्रणेचा निळा टॅग वेगळा. इथेही तसेच. क्लासचा कागद म्हणजे कंपनीचे लेबल. व्हिसासाठी परीक्षा घेणाऱ्या मान्य संस्थेचा दाखला लागतो, उदाहरणार्थ गटे, टेल्क किंवा ओएसडी. गटे संस्था आपल्याकडे पुणे आणि मुंबईत मॅक्सम्युलर भवन या नावाने आहे. परीक्षेला बसायला तिथलाच क्लास केला पाहिजे असे नाही.

गटेच्या बी-१ परीक्षेत वाचणे, ऐकणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग असतात. प्रत्येकाला १०० गुण आणि प्रत्येकात ६० हवेतच. उगवण ९० टक्के आली तरी शुद्धता कमी असेल तर लॉट नापास होतो, तसेच हे. मात्र राहिलेला भाग पुन्हा देता येतो.

तिसरी गोष्ट एजंटाची. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा १९८३ च्या कायद्याखाली नोंदणीकृत असला पाहिजे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी तपासता येते. त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी ग्रामसभेत एवढे तरी वाचून दाखवावे.

त्या गृहस्थांना मी सांगितले, "पोराला अडवू नका. पण आधी ए-१ ची खरी परीक्षा देऊ द्या. त्याच्या आयटीआयला तिथे मान्यता आहे का ते तपासा. बी-१ हातात येईस्तोवर सातबाऱ्यावर बोजा चढवू नका." पोरगा शेजारीच उभा होता. त्याने विचारले, "साहेब, परीक्षेचा फॉर्म कुठं भरायचा?" प्रश्न योग्य होता. पुण्याचा पत्ता लिहून दिला.