परवलीचा शब्द स्वतःच्या मुठीत ठेवा



पावसाळा सुरू झाला की कोराडीतील कित्येक घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी प्रथमच नागपूरच्या महाविद्यालयाची वाट धरते. आईबाप वह्या आणतात, बसच्या पासाची सोय करतात, कपड्यांचा एक नवा जोड घेतात. या तयारीत एक गोष्ट मात्र हटकून राहून जाते, आणि तिच्याविषयीच आज आपणांशी बोलावयाचे आहे. विद्यापीठाला आता दोन दारे आहेत. एक दगडविटांचे, ते सर्वांना दिसते. दुसरे संगणकाच्या पडद्यावरचे. प्रवेश, परीक्षेचा अर्ज, शुल्क, निकाल, शिष्यवृत्ती ही बहुतेक कामे या दुसऱ्या दारातूनच होतात. त्या दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे?

नेहमीचा प्रकार पाहा. मुलगा चौकातील दुकानात जातो. दुकानदार भला असतो. तो खाते उघडतो, घाईत स्वतःचाच ई-मेल व मोबाईल क्रमांक घालतो, पासवर्डही स्वतःच ठरवितो आणि एक छापील कागद हातात ठेवतो. पुढे ओटीपी येतो तो दुकानदाराच्या मोबाईलवर. अर्जातील त्रुटीची सूचना जाते ती त्याच्याच टपालात. विद्यार्थ्याला ती कळते तेव्हा मुदत टळलेली असते. येथे कोणी कपट केले नाही. तरी हक्क बुडाला तो बुडालाच.

मुदतीची किंमत काय असते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवरून ध्यानी येईल. २०२१ साली एका दलित विद्यार्थ्याची मुंबई आयआयटीतील जागा, ऐनवेळी कार्डाने पैसे भरले न गेल्यामुळे, हातची गेली होती. २०२४ साली मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतील जागा साडेसतरा हजार रुपये वेळेत न भरल्याने गेली. गावाने पैसे जमविले, पण पाच वाजता पोर्टल बंद झाले. दोन्ही वेळा न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकार वापरून जागा परत दिली. निकाल न्याय्य झाले, यात शंका नाही. परंतु दिल्लीपर्यंत जाण्याची ताकद किती घरांत आहे? असाधारण उपायावर विसंबून कोणी आपले वर्ष पणाला लावू नये.

म्हणून आमचे सांगणे असे की, पहिल्या आठवड्यातच आपली किल्ली आपल्या हाती घ्या. ई-मेल स्वतःचा उघडा. मोबाईल क्रमांक असा द्या की जो पदवी पदरात पडेपर्यंत चालू राहील. सिम बंद पडले की ओटीपीही बंद पडतो. घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर अर्जाची कामे तो घरी असतानाच उरका. पासवर्ड लांब असावा, जन्मतारखेचा नसावा, आणि एकच शब्द सर्वत्र वापरू नये. दुकानाची मदत अवश्य घ्या, पण पासवर्ड स्वतःच्या बोटांनी घाला आणि उठताना लॉग-आउट करा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. पण कायदा नंतर धावतो, सावधपण आधी लागते.

कागदपत्रांचे डिजिलॉकर उघडा. त्यात शासनाने जारी केलेले दाखले कायद्याने मूळ दाखल्यांच्या बरोबरीचे मानले जातात. क्रेडिट बँकेसाठी लागणारा बारा अंकी अपार क्रमांक काढून लिहून ठेवा. आधार, दहावीची गुणपत्रिका व जातीचा दाखला यांवरील नाव अक्षरशः जुळते की नाही, हे आजच पाहा. ज्या घरांनी आडनाव बदलले, त्यांनी तर विशेष काळजी घ्यावी. माणूस एक अक्षर समजून घेतो, संगणक घेत नाही.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासून चालत आली आहे. अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. इतक्या वर्षांनी पदरात पडलेला हा हक्क आज महाडीबीटीच्या पडद्यावरून मिळतो, आणि पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो. दोन बँकांत खाती असतील तर आधारशी शेवटी कोणते जोडले, याची बँकेत खात्री करून घ्या.

तथापि हे दार केवळ अर्जांसाठी नाही. महाविद्यालय एन-लिस्टचे सदस्य असेल तर ग्रंथपालांकडे स्वतःचे खाते मागा. हजारो ग्रंथ व नियतकालिके घरबसल्या वाचता येतात. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर सर्वांनाच खुले आहे. बाबासाहेबांनी परदेशातून पाठविलेली पुस्तके १९१७ साली जहाज बुडाल्याने समुद्रात गेली. आपल्या टिपणांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आज किती सोपे आहे!

आता विद्यापीठांनाही दोन शब्द. किल्ली सांभाळण्याचे कर्तव्य विद्यार्थ्याचे. पण दार उघडे ठेवण्याचे कर्तव्य त्यांचे आहे. ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर नव्हे. इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली एका वसतिगृहातील विद्यार्थिनीच्या प्रकरणात म्हटले. जिच्या घरी संगणक नाही तिला समजावून सांगणारा माणूस खिडकीवर बसविणे, ही मेहरबानी नव्हे.

तरीही अडवणूक झालीच, तर पडद्याचे चित्र तारीख-वेळेसह जपून ठेवा आणि लेखी तक्रार करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, आणि तिच्यावर लोकपालाकडे अपील करता येते. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. लेखी तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच फिरतात. येथली वीज दूरदूरच्या गावांतले दिवे लावते. त्याच कोराडीच्या मुलांनी आपल्या विद्येच्या दाराशी अंधारात चाचपडावे काय? ज्यांनी हे सर्व गेल्या वर्षी केले, त्यांनी एका रविवारी विहारात बसावे, नव्या मुलामुलींना बोलवावे आणि त्यांची खाती त्यांच्याच हातांनी उघडून घ्यावीत. करून देऊ नका, करावयास शिकवा. दुसऱ्याने उघडून दिलेले दार दुसराच बंद करू शकतो, हे कधीही विसरू नका.